आत बसलेलं पावणं

उघडत नाही अशी वस्तू या जगात नाही, आणि एकदा उघडली की पहिल्यासारखी बंद होईल अशीही वस्तू नाही, या दोन सिद्धांतांवर आमच्या हिच्या मामांचं सगळं आयुष्य उभं आहे. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून हयात काढली. ते निवृत्त झाले त्या दिवसापासून आमच्या नात्यागोत्यातलं एकही यंत्र सुखानं झोपलेलं नाही. मिक्सर, शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, एकदा तर शेजारच्या आजोबांचं कानाचं यंत्र. मामा उघडतात, फुंकर मारतात, कुठेतरी काहीतरी दाबतात आणि खरं सांगायचं तर वस्तू चालू होते. फक्त दोन-तीन स्क्रू उरतात. पहिल्यांदा मी भाबडेपणानं ते त्यांच्या नजरेला आणून दिले होते. "कंपनीवाली मानसं भित्री असत्यात, जावईबापू," ते म्हणाले, "उगंच चार जादा मारून ठेवत्यात." असे उरलेले स्क्रू ते एका जुन्या डब्यात साठवतात. "मामा, त्या डब्यातनं एक सबंध मिक्सर निघेल की हो," असं ही म्हणायची, आणि आपल्या भाचीनं आपलं कौतुक केलं या आनंदात मामा आणखी एक कप चहा मागायचे.

रिकाम्या पोटी मामा कोणत्याही यंत्राला हात लावत नाहीत. आधी चहा आणि बशीभर भडंग. मग यंत्रावर तळवा ठेवून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे ते डोळे मिटून बसतात. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या हत्यारांना नातेवाइकांची नावं आहेत. लांब चोचीची पक्कड म्हणजे 'आत्याबाई', कारण धरलं की सोडत नाही. हातोडी म्हणजे 'थोरले'. बाकीच्यांचं शहाणपण संपल्यावरच त्यांना बोलवायचं. खऱ्या आत्याबाई हयात असताना त्यांना हे कळलं होतं. त्यांना तो आपला सन्मान वाटला. माझ्या नावाचं मात्र एकही हत्यार मामांच्या पिशवीत नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि माझ्याविषयी मामांचं मत लग्नाच्या पंगतीतच ठरलं होतं. "आमचं जावई म्हंजे, कुकर लावायच्या आधी त्याची प्रस्तावना वाचनार." हे मत बदलावं असं गेल्या पस्तीस वर्षांत माझ्या हातून काही घडलेलं नाही. उलट गेल्या वर्षी मी त्याला भक्कम पुरावाच दिला.

आमच्या मुलीचं सासर धारवाडचं. विहीणबाई भल्या, पण त्यांना मराठी येत नाही आणि आम्हाला कन्नड. दोघी विहिणी समोरासमोर बसून नुसत्या हसायच्या आणि मधे मुलगी दुभाषाचं काम करून दमायची. शेवटी हिनं कन्नड शिकायचं मनावर घेतलं. कुठूनशी एक सीडी आणली आणि गाडीच्या रेडिओत घातली. गाडी हीच चालवायची. तिच्या पन्नाशीत मामांनीच तिला कागलच्या रस्त्यावर शिकवली होती. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. सीडीतला गृहस्थ घसा साफ करून गंभीरपणे विचारायचा, "ऊट आयिता?" म्हणजे, जेवण झालं का? मग शिकणाऱ्यानं ते म्हणावं म्हणून थोडा वेळ थांबायचा. तेवढ्या वेळात ही मोठ्यानं म्हणायची, "ऊट आयिता?" सिग्नलला उभे असलेले लोक वळून बघायचे. मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचो, "जरा हळू म्हण, मी वाचतोय." ती चौथ्या धड्यापर्यंत पोचली होती. पाचवा सुरू व्हायच्या आत ती गेली. दिवसकार्याला विहीणबाई आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि डोळे पुसत त्यांनी विचारलं, "ऊट आयिता?" इतके महिने तो प्रश्न ऐकून माझे कान किटले होते, आणि मला त्याचं उत्तर आठवेना. मी नुसता हसलो.

पुढे तीन महिन्यांनी कुरुंदवाडच्या एका वाचनालयानं मला भाषणाला बोलावलं. गाडी पहिल्यांदाच मी एकट्यानं बाहेर काढली. जाताना रेडिओला हातच लावला नाही. येताना लावला आणि चौथा धडा सुरू झाला. तो गृहस्थ विचारायचा, थांबायचा, आणि गाडीत कुणी काही बोलायचं नाही. ते थांबणं मला सोसेना. मी गाडी कडेला घेऊन सीडी बाहेर काढायचं बटण दाबलं. ती घुरघुरली, पण बाहेर आली नाही. आता इथे कोणताही शहाणा माणूस घरी गेला असता. पण मी आयुष्यभर फळीत पुस्तकं लावलेला माणूस. एका बाजूनं नवं पुस्तक रेटलं की जुनं सरकतं आणि जागा होते, हा माझा अनुभव. वाचनालयानं माझ्याच भाषणाची सीडी मला भेट दिली होती. 'वाचन आणि संयम' असा विषय होता. ती मी त्या फटीत घातली आणि रेटली. आत कटकन आवाज झाला आणि सगळं शांत झालं. घरी येऊन पितळी पुस्तकखूण घालून पाहिली, तिचं टोक आत मोडलं; पट्टीला चिकटपट्टी लावून पाहिली. चिकटपट्टीही आतच राहिली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्या तबकडीवर हिचा आवाज नाही, पण तिच्या आवाजापुरती सोडलेली जागा जगात फक्त तिथेच आहे. ती मी माझं भाषण घालून बंद केली होती.

मामांना फोन केला. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन हजर. चहा, भडंग, मग रेडिओवर तळवा. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, "पावणं आत बसल्यात."

"दोन आहेत, मामा. दुसरं मी घातलंय."

"एक पावणं बसलंय म्हनून त्याच्या अंगावर दुसरं ढकलत्यात व्हय? शिकल्याली मानसं तुम्ही!" मग आवाज उतरवून म्हणाले, "आता वडून काढायचं न्हाय. पावण्याला कवा दंडाला धरून उठवत्यात? दमानं घेऊ."

दमानं म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, आत्याबाईंना फटीजवळ नेलं आणि परत पिशवीत ठेवलं. "आज मूड न्हाय पावण्यांचा." त्याच्या पुढच्या रविवारी "हवा दमट हाय" निघालं. दर वेळी आम्ही दोघं गाडीच्या पुढच्या सीटवर बसायचो, मामा फटीत बॅटरी मारायचे आणि ही लहानपणी कशी होती ते सांगायचे. मग मी भात लावायचो, ते प्रस्तावनेवरून टोमणा मारायचे, जेवायचे आणि जायचे. असे सहा रविवार गेले. मला वाटलं, मामा थकले. पंचाहत्तरी उलटलेली. आपणच काहीतरी करावं. ज्याला फळी आणि रेडिओ यांतला फरक कळला नव्हता, त्याला मामांची दया आली होती!

शनिवारी मी गाडी घेऊन एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. मालकानं रेडिओकडे पाहिलं, मग गाडीकडे. "पावणं, ही मामांच्या जावयाची गाडी न्हवं? हिच्या रेडिओ काढायच्या चाव्या तर दीड महिन्यामागंच न्हेल्यात की त्यांनी. दोनी कडंनं सारल्या की आक्खा रेडिओ हातात येतोय. धा मिन्टाचं काम. झालं न्हाय अजून?"

रविवारी मामा आले. चहा झाला, भडंग झालं. ते तळवा ठेवायला उठले तेव्हा मी विचारलं, "मामा, चाव्या पिशवीत आहेत ना?"

ते पुन्हा बसले. पिशवीचा बंद सोडला, परत बांधला. "पयल्या ऐतवारपास्नं हायत," म्हणाले.

"मग?"

"आत हाय तवर ती वाजनारच की, जावईबापू," मामा बशीकडे बघत म्हणाले. "भाईर काढली आन् न्हाई वाजली, तर मग काय करायचं?"

चाव्यांचं कळल्यापासून, सहा रविवार ते माझ्याच सोबतीसाठी येत होते असं मी धरून चाललो होतो. त्यांनाही सोबत लागत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी उठून पुन्हा चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर मामा म्हणाले, "चला. किती दिस बसवून ठेवायचं त्यास्नी."

चाव्या सारल्या आणि खरोखरच रेडिओ हातात आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मामांनी वरचं झाकण उघडलं. सगळ्यांत वर माझा 'संयम' होता, मधोमध तडकलेला. त्याच्या खाली पुस्तकखुणेचं टोक, चिकटपट्टी, आणि तळाशी ती. कडेला एक लांब ओरखडा होता. मामांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उजेडात धरली. मला त्या दिवशी पहिल्यांदाच हत्यारं द्यायचं काम मिळालं. "आत्याबाई द्या," म्हटलं की मी आत्याबाई देत होतो. सगळं पुन्हा जोडून आम्ही गाडीत बसलो. पहिला धडा अडखळला, दुसऱ्यात नुसती खरखर. तिसऱ्याच्या वेळी मामांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. मग कुणीतरी घसा साफ केला.

"ऊट आयिता?"

आणि तो थांबला. ती जागा जशीच्या तशी होती. तिथे बोलायला मला पुरेसा वेळ होता. पण मामांनीच खिडकीबाहेर बघत, सिग्नलवरचे लोक वळून बघतील एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "न्हाय अजून!"

जेवायला आत आलो तर टेबलावरच्या वर्तमानपत्रात दोन स्क्रू उरलेले होते. मी ते उचलले आणि सवयीनं मामांच्या पिशवीतल्या डब्याचं झाकण उघडलं. मामांनी माझा हात धरला.

"त्यात नगं," ते म्हणाले. "कंपनीनं हे काय उगंच मारल्यालं न्हाईत. तुमच्यापाशी असू द्यात. पुढल्या ऐतवारी बसवू."