डोंगरावरून परत आलेला नारळ

प्रसादाचं खोबरं कोणी हातावर ठेवलं की मला कोरियातला तो डोंगर आठवतो. आम्ही तेव्हा आखातात, फुजैराला राहायचो. बाबांचे कोरियन साहेब दरवर्षी आमच्या गणपतीला यायचे, बूट काढून आरतीला उभे राहायचे. एका सुट्टीत त्यांनीच आग्रह करून आम्हाला आपल्या देशात बोलावलं. म्हणाले, "तुमचा देव मी पाहिला, आता आमची आकाशाची पूजा करायची जागा तुम्ही बघा." तिथे वाहायला म्हणून बाबांनी मुद्दाम दुबईच्या देरा बाजारात जाऊन शेंडीचा नारळ आणला. दगडी पायऱ्या चढून आम्ही धापा टाकत माथ्यावर पोचलो. खाली राखाडी समुद्र, अंगावर भणाणता वारा आणि समोर ती पुरातन दगडी वेदी, खाली गोल, वर चौकोनी. मूर्ती नाही की फूल नाही. साहेबांबरोबर हेड ऑफिसची दोन बडी माणसं होती. बाबांनी नारळ पुढे केला, "सर, तुमच्या हाताने वेदीवर ठेवा." साहेबांनी त्या दोघांकडे पाहिलं, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि तिघेही हसले. मग बाबांना म्हणाले, "नॉट हियर. पुट इट अवे." बाबांनी नारळ रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. मी "लेट्स गो, बाबा" म्हणाले, तर त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. महिन्याभराने गणपतीत साहेब नेहमीसारखे आले. बाबांनी तोच नारळ फोडला आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "व्हेरी स्वीट," साहेब म्हणाले. बाबा लगबगीने म्हणाले, "थँक यू, सर." साहेबांना मी केव्हाच माफ केलं, बाबांचं ते 'थँक यू' मात्र अजून घशाखाली उतरत नाही.