पुसलेल्या चार ओळी

मोहगावच्या कवीच्या घराचं कुलूप उघडलं, की वच्छलामाय पाहुण्याला आधी आपला गुन्हा सांगायची. चपला काढायच्या आतच. "पलंगाजवळच्या भिंतीवर बापूच्या शेवटच्या चार ओळी होत्या जी. म्या पुसल्या." मग पदर खोचून पुढं व्हायची आणि चष्मा, काठी, दौत दाखवू लागायची.

बापू म्हणजे ते कवी. माय त्यांच्याकडे तीस वर्षं स्वयंपाकाला होती. अखेरच्या आजारात हातात कागद धरवेना, तेव्हा त्यांनी अंथरुणावरूनच कोळशानं भिंतीवर लिहिलं. ते गेले, आणि पुढं दिवाळी आली. दिवाळीला काळवंडलेली भिंत कोण ठेवतं? तिनं दरवर्षीसारखा सगळ्या घराला चुना दिला. स्मारक करणारी मंडळी पोचली तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती. मायला अक्षरओळख नव्हती, आणि त्या ओळी कुणीच उतरवून घेतल्या नव्हत्या.

मी पांढुर्ण्याला शाळेत मराठी शिकवतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनातून तिच्यावर चिडलेलो होतो. तिनं मला खिडकीशी बसवलं. मागच्या संत्र्याच्या बागेत बहर आला होता. तो वास, दुपारचं पिवळट ऊन, भिंतीवर हलणाऱ्या पानांच्या सावल्या. वाटलं, आता अक्षरं उमटतील. "बोलू नका," ती कुजबुजली, "बापू आयकून राहिले." सांगायला लाज वाटते, पण मी खरंच श्वास रोखून बसलो. किती वेळ, कुणास ठाऊक. राग कुठं गेला तेही कळलं नाही.

नंतर सुट्टी मिळाली की मी जायचोच. "लिहिताना ते पुटपुटले असतील. आठव ना, माय," असा पिच्छा पुरवायचो. ती डोळे मिटून बसायची. "चांदनं होतं त्याच्यात. नाही, नदी होती." पुढच्या खेपेला आणखी काही निघायचं. शेवटी एकदा म्हणाली, "मी मनानंच सांगून राहिली, सर. आता इचारू नका." त्यानंतर मी विचारलं नाही.

गेल्या पौषात ती रामाकोन्याला लेकीकडे अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो, तर माझा हात धरून रडायला लागली. "लय मोठी चूक झाली जी माह्याच्यानं." मला ते बघवेना. मी चक्क थाप मारली. "माय, त्या ओळी एका वहीत सापडल्या. अगदीच साध्या आहेत गं. बापूंनी स्वतःच खोडल्या असत्या."

तिनं हात काढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "साध्या? मंग त्या बापूच्या नाहीच! बापूनं साधी ओळ कधी लिहिलीच नाही."

चौथ्या दिवशी ती गेली. सुटकेचा दरवाजा मी उघडून दिला होता. पण त्यातून बाहेर पडायला बापूंना उणं म्हणावं लागत होतं. ते तिला जमलं नाही.