रंगसफेदीच्या खात्यातली शिल्लक

१४ मार्च १९७८. त्या दिवशी शाळेच्या नावावर रंगसफेदीच्या खात्यात ८४७ रुपये ५० पैसे शिल्लक होते. दुरुस्तीच्या खात्यात काहीच नव्हते.

हे सांगायला नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाचे हिशेबनीस निवृत्ती स्वतः सायकलवरून आले, तेव्हा बहिरू शिपाई तिसरीच्या वर्गात स्टुलावर उभा राहून मागच्या भिंतीला कागद चिकटवत होता. बहिरू मूळचा विंचूरकडचा. तरुणपणी त्याने तिथल्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलल्या. नाशकात येऊन शाळेची घंटा हातात घेतली, त्यालाही आता सव्वीस वर्षे होत आली होती. पुढच्या वर्षी तो निवृत्त व्हायचा होता.

त्या भिंतीला दिवाळीनंतर तडा गेला. एका गवंड्याने बहिरूला युक्ती सांगितली होती. तड्यावर खळीने कागदाची आडवी पट्टी चिकटवायची. पट्टी फाटली की समजायचे, भिंत हलली. बहिरू जुन्या उत्तरपत्रिका कापून पट्ट्या करी आणि प्रत्येकीवर तारीख घाली. चार महिन्यांत नऊ पट्ट्या फाटल्या. मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी त्यावरून मंडळाकडे तीन अर्ज धाडले होते. त्या भिंतीच्या कडेने एक्केचाळीस मुले बसत, बहुतेक सातपूरच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांची.

"एकतीस तारखेच्या आत खर्च टाका, बाई," निवृत्ती म्हणाले. "नाहीतर रक्कम व्यपगत होईल. गेल्या वर्षी एका शाळेने पैसे परत जाऊ दिले, तर यंदा त्यांची सगळीच तरतूद कापली."

"मग तेच पैसे ह्या भिंतीला लावते."

"रंगाचा पैसा दुरुस्तीला जात नाही. खाते वेगळे."

बहिरू स्टुलावरूनच बोलला, "साहेब, चुन्यानं भिंत उभी ऱ्हाती व्हय?"

"तू घंटा वाजव, बहिरूभाऊ. अंदाजपत्रक मी बघतो."

"बघा की. पर ही चालती हाय. दिवाळीपत्तुर विंचूरला पोचंल."

तिघेही हसले. मग बहिरूने हात जोडून सांगितले, सारी शाळा रंगवा, एवढी एक भिंत सोडा. निवृत्तींनी मान हलवली. मापपुस्तकात चौरस फूट पूर्ण भरले नाहीत, तर बिल निघत नव्हते.

वत्सलाबाईंनी रंगकामाच्या कागदावर दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली.

रंगाऱ्यांनी पट्ट्या खरवडल्या, तड्यात चुन्याची लुगदी दाबली आणि वरून तीन हात दिले. भिंत दुधासारखी झाली. खाली पडलेले कागदाचे तुकडे बहिरूने वेचून ठेवले.

एप्रिलमध्ये बाईंच्या तिसऱ्या अर्जावर मंडळाचा ओव्हरसियर पाहणीला आला. तो वर्गाच्या दारातच थांबला.

"तडा कुठाय?"

"आत हाय, साहेब. रंगाखाली." बहिरूने पट्ट्या पुढे केल्या. "ह्या बघा तारखा."

"ह्या कुठल्या भिंतीच्या, हे कशावर लिहिलंय?"

कशावरच लिहिलेले नव्हते. त्याने उभ्या उभ्या शेरा मारला: भिंत सुस्थितीत, दुरुस्तीची आवश्यकता नाही. नव्या वर्षाच्या दुरुस्तीच्या यादीतून शाळा वगळली गेली.

जूनमध्ये मुले परत आली. बहिरूने चार नव्या पट्ट्या लावल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चारही फाटल्या, आणि तड्यात त्याचे बोट जाऊ लागले. तो फकिराच्या लाकडाच्या वखारीत गेला आणि भिंतीला लावायला दोन जाड टेकू निवडले.

"मंडळाचं काम, अन पैसे तुझे?" फकिरा म्हणाला. "याड लागलं काय रं?"

"मंडळाकडं टेकूचं खातं नाय. पगार झाला की देतो."

टेकू लागलेले पाहून वत्सलाबाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर तिसरीचा वर्ग व्हरांड्यात बसवला. बुधवारी, बारा जुलैला, मंडळाचे पत्र आले. सुस्थितीतील वर्ग रिकामा ठेवण्याचे कारण कळवावे, विनापरवाना टेकू काढावेत आणि सोमवारपासून मुलांना आत बसवावे.

गुरुवारी मधल्या सुट्टीत टेकूंसकट भिंत पडली. आवाज फार झाला नाही. व्हरांड्यातल्या मुलांच्या डब्यांवर चुना येऊन बसला आणि पोरे खायची थांबून तिकडे बघत राहिली. वर्गात कोणी नव्हते.

चौकशी झाली. मार्चमध्ये भिंत रंगवली होती आणि एप्रिलमध्ये ती सुस्थितीत होती. दोन्हींचे कागद होते. त्यानंतर त्या भिंतीला एकच गोष्ट झालेली कागदावर सापडली. निष्कर्ष निघाला, विनापरवाना टेकूंच्या दाबाने भिंत कोसळली. वत्सलाबाईंनी आपले तिन्ही अर्ज दाखवले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की ते रंगाआधीचे आहेत. बहिरूला निलंबित केले आणि पुढे पेन्शनही अडकली.

एका संध्याकाळी निवृत्ती त्याच्या खोलीवर आले. बहिरूने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"मार्चात अशाच अकरा शाळा रंगवल्या, बहिरूभाऊ. सगळी बिलं मीच काढली."

"त्यांच्या भिंतींवर पट्ट्या कुणी लावल्या व्हत्या?"

"कुणीच नाही."

"मग तिथली पोरं कुठं बसत्यात?"

निवृत्तींनी कप खाली ठेवला. "आत."

टेकूंचे सेहेचाळीस रुपये फकिराला अजून द्यायचे आहेत.