हंगाम संपला की येते

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्याजणी सुट्टीताई म्हणत, तेही तोंडावर. शिवण विभागाची सुपरवायझर ती. कुणाला रजा द्यायची नि कुणाला नाही, हे तिच्या हातात. मालकाने एकच गोष्ट बजावून ठेवलेली. शाळा उघडायच्या आधीच्या दिवसांत एका वेळी एकच माणूस रजेवर. दुसरं गेलं की माल अडणार, नि पोरं पहिल्या दिवशी घरच्या कपड्यांत शाळेत जाणार. मालक काही वाईट नव्हता हो. त्या दिवसांत तोही जेवायला घरी जात नसे.

खोटं कारण ताईला चेहऱ्यावरूनच कळायचं. "अगं, तुझ्या सासूला गेल्या वर्षीही याच आठवड्यात चक्कर आली होती. कॅलेंडर बघून येते का?" मग सगळा विभाग हसायचा, सासूवालीसुद्धा.

तिच्या स्वतःच्या रजेचं मात्र कायम भिजत घोंगडं. तिला वाढवलं ते अक्काने, थोरल्या बहिणीने. आई लवकर गेली, तेव्हा स्वतःची शाळा सोडून अक्काने हिच्या वेण्या घातल्या नि हिला शाळेत धाडलं. ती अक्का आता दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळली होती. फोनवर म्हणायची, "चार दिवस ये गं. खूप बोलायचंय." ताईचं उत्तर ठरलेलं, "हंगाम संपला की येते."

आणि जायची तरी कशी? आज जायची, उद्या निघायची. ही चप्पल काढायच्या आत अक्का विचारायची, "परत कधी जायचंय?" टोमणा नव्हता तो. वेळ किती आहे ते कळलं, की त्यात काय काय बोलून घ्यायचं ते ती मनाशी ठरवायची. पण ताईला तो प्रश्न दर वेळी लागायचा.

या वर्षी ताईने मनाचा हिय्या केला. भर हंगामात रजा मागितली, मालकाने दिलीही. पिशवी भरून झाली. निघायच्या आदल्या दुपारी काजाच्या मशीनवरची बाई तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मुलाचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. "ताई, तुमची रजा आहे हे माहीत आहे मला," एवढंच ती म्हणाली. ताईने तिचा चेहरा नीट न्याहाळला. खोटं असतं तर किती बरं झालं असतं.

या खेपेला दोघींना सोडा, असं मालकाला विचारून तरी बघायचं की नाही? नाही विचारलं. ज्या नियमावर बोट ठेवून इतक्या जणींना परत पाठवलं, तो स्वतःसाठी वाकवायला तिची जीभ रेटेना. "तू जा," ती म्हणाली. "माझी अक्का काही कुठे पळून जात नाही."

पोराचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, हेही सांगायला हवं.

त्यानंतर अक्काचा फोन आला नाही. हिने केला की भाऊजी उचलायचे, "झोपलीये" म्हणायचे. खोटं कशाला बोला, ताईला हायसंच वाटायचं. "कधी येतेस" तरी ऐकावं लागत नव्हतं.

शेवटचा गठ्ठा टेम्पोत चढला, तशी तिने साठलेली सगळी रजा एकदम मागून घेतली. बसमध्ये ती उत्तर घोळवत होती. परत कधी जायचंय? तू हाकलशील तेव्हा. मनातल्या मनात चार वेळा म्हणून बघितलं आणि एकटीच हसली.

दार भाऊजींनी उघडलं. आतल्या खोलीत अक्का खाटेवर पडून होती, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"वाचा गेलीये तिची," भाऊजी हळूच म्हणाले. "तू येणार होतीस ना, त्याच आठवड्यात झटका आला."

"मला कळवलं का नाही?"

"तिनेच आधीपासून बजावलं होतं. काहीही होवो, हंगामात तिला कळवायचं नाही. माझ्या पोरीला कुणापुढे रजा मागायला लावू नका, म्हणायची."

ताई खाटेच्या कडेवर टेकली, अक्काचा हात हातात घेतला. अक्काची नजर फिरत फिरत तिच्यावर आली नि थांबली. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. ताई वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने, कुणी न विचारताच तिने सांगून टाकलं, "तू हाकलशील तेव्हा गं, अक्का."

चप्पल अजून तिच्या पायातच होती.