कलावतीकाकूंचा पाट

मला राग जास्त कोणाचा आला, काकूंच्या दिराचा की मालकाचा, ते अजून ठरत नाही. दोघंही स्वतःला शहाणे समजतात, त्यामुळे निवड अवघड आहे.

कलावतीकाकू मुंबईजवळ दिव्याला आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ठाण्यात महेंद्रशेठच्या कारखान्यात त्या गोधड्या शिवतात, लांब हाताच्या भल्यामोठ्या मशीनवर. गोधडी चौकटीवर ताणलेली असते आणि मशीनच तिच्यावरून फिरवायचं. सरळ रेघ किंवा कमान हवी असली की जाड पारदर्शक पट्टी एका हातानं दाबून धरायची आणि तिच्या कडेकडेनं सुई न्यायची. आता गोधडीखाली असलेला मशीनचा हात चिंचोळा. पट्टीला खालून आधार नसला की ती डुगडुगते आणि सुईखाली जाते. म्हणून त्या हाताला रुंद, सपाट फळी बसवतात. कंपनीनं तिला कसलंसं इंग्रजी नाव दिलंय. काकू तिला पाट म्हणतात.

तो पाट शेठनं काढून कपाटात टाकला. का, तर गोधडी पुढे गुंडाळताना अडतो, वेळ जातो! मग सुया मोडायला लागल्या. एक तुकडा उडून काकूंच्या भुवईला लागला, डोळा थोडक्यात वाचला. शेठ काय म्हणाला? "ताई, लक्ष द्या जरा." घ्या!

त्या संध्याकाळी टँकरच्या रांगेतूनच काकू फोनवर शेठवर तडकल्या. "मी पाट लावणार म्हणजे लावणार! नाहीतर मी चालले दुसरीकडे!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. आमच्या गावांकडे विधवेनं पुन्हा लग्न केलं की 'पाट लावला' म्हणतात. काकूंच्या गावची सखुबाई मागेच उभी होती. दिव्यात पाण्याला जोर नसतो, बातमीला असतो. दोन दिवसांत मोठे दीर महिपत दारात हजर. काकू कामावर गेलेल्या, मग त्यांनी मलाच धरलं.

"ए पोरा, कारखाना दाखव. ह्या वयात पाट लावते म्हणजे काय? आम्ही मेलोय?"

मेले नव्हते, हे खरं. भाऊ गेल्यापासून एकदाही फिरकले नव्हते, तेवढंच.

"अहो काका, तो पाट वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे? आपल्यातला नाही?"

मी हात जोडले आणि रिक्षा बोलावली.

कारखान्यात शिरताच त्यांनी काकूंच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या शेठला गाठलं. "ह्या बाईचा पाट आम्ही लागू देणार नाही!"

शेठचा चेहरा उजळला. "अहो, तेच मी कधीपासून सांगतोय! ऐकतच नाही."

"कसली गरज आहे तिला?"

"काही गरज नाही! इतके दिवस चाललं ना त्याच्याशिवाय?"

"बघ कलावती! परका माणूस, पण समजदार आहे."

म्हणजे बघा. एकाला वाटतंय लग्न, दुसऱ्याला वाटतंय फळी. समोरचा काय नाकारतोय ते एकालाही धड माहीत नाही, पण बाईला ते मिळता कामा नये यावर एकमत! माझं डोकं असलं तापलं.

काकूंनी पट्टी ठेवली, मशीन सुरू केलं. कमान अर्ध्यावर गेली आणि पट्टी कलली. कट्! सुईचा तुकडा टणकन् चौकटीवर आपटला, महिपतकाका दचकून मागे झाले.

"बघितलंत दोघांनी?" असं म्हणून काकू कपाटाकडे गेल्या, फळी काढली आणि गोधडीखाली हात घालून स्वतःच मशीनला बसवली. "भावोजी, हा माझा पाट."

"हा? हात्तिच्या! मला वाटलं..." काका मोकळं हसले. भुवईवरची जखम समोर दिसत होती, तिचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "म्हणजे लग्न नाही ना?"

"ते ठरलं तर पत्रिका पाठवेन. या जेवायला."

काकांचं हसू तिथंच थांबलं.

शेठ पुटपुटला, "पण ताई, गुंडाळताना वेळ..."

"गुंडाळताना मशीन बाजूला घेईन. आणि पुन्हा काढलात, तर त्या दिवशी पट्टी तुम्ही धरायची."

शेठनं मोडलेल्या सुईकडे पाहिलं आणि कपाटाचं दार लावून टाकलं. काकूंनी नवी सुई घातली आणि अर्धी राहिलेली कमान पुढे नेली.