अक्काच्या हृदयातली गाठ आणि रविवारचा फोन

अक्का उठून बसली की धापा टाकायची, आडवी झाली की बरी. कित्येक महिने दम्याच्या गोळ्या झाल्या. मग एकदा सामान आणायला गेली ती दुकानातच भोवळ येऊन पडली, तेव्हा भावजींनी तिला हृदयाच्या हॉस्पिटलात नेलं. मी नुकताच गावाकडून तिच्याकडे बेंगळूरला आलो होतो, काम शोधायला.

डॉक्टरांनी एकोच्या पडद्यावर दाखवलं. डाव्या वरच्या कप्प्यात देठाला लोंबणारी गाठ. दर ठोक्याला खाली यायची, झडपेचं दार अडवायची.

"क्वचित होतं असं. कॅन्सर वाटत नाही. पण दारात अडकली तर खेळ खलास."

भावजी म्हणाले, "गोळीनं विरघळत नाही का, सर?"

"इल्ला, नाही. कापूनच काढायची."

मला काहीच वाटलं नाही. बाहेर बाकावर बसून ते नाकातलं "इल्ला" हुबेहूब डॉक्टरांच्या आवाजात घोटत बसलो.

अक्काची एकच अट. आईला कळता कामा नये. बाबा हार्ट अटॅकनं गेल्यापासून ती फार बिचकायची. दर रविवारी गावच्या वाण्याच्या दुकानात अक्काच्या फोनची वाट बघत बसायची.

"फोन नाही आला तर थेट गाडीत बसेल ती. तू काढ माझा आवाज. माझ्या सासूला फोनवर असंच फसवलं होतंस ना, गाढवा?"

शनिवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टीलच्या वाटीत गाठ आणून दाखवली, दाखवतातच तसं. लिबलिबीत, पिवळट, सोललेल्या ताडगोळ्यासारखी. भावजींनी मान फिरवली. मी बघत राहिलो.

रविवारी अक्का आयसीयूत, तोंडात नळी. मी एसटीडी बूथमध्ये, अक्काचा आवाज काढून.

"आई गं, जेवलीस?"

"जेवले. धाप कशी आहे?"

"स्वल्प कमी आहे." अक्काच्या तोंडी बसलेला कानडी "स्वल्प"ही मी सोडला नाही.

"आणि ते माकड काम शोधतंय का नुसत्या नकला करतंय?"

"शोधतोय बिचारा."

बूथवाला माझ्याकडे बघतच राहिला. मी पैसे दिले नि निघालो.

अक्का घरी आली त्या रविवारी हट्टानं स्वतः फोनला आली. नळीनं घसा पार बसला होता.

"आई, मी गं."

"चल, लबाडा! आज नाही जमलं तुला. अक्काला दे."

अक्कानं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि टाके दुखू नयेत म्हणून छाती दाबून धरून हसायला लागली. मी तिच्या आवाजात म्हटलं, "काय गं आई?"

"हं, आता कशी! बरी आहेस ना?"

"बरी आहे गं."

"मग दे आता त्याला."

मी तोंड उघडलं. माझा स्वतःचा आवाजच फुटेना.

"अरे, बोल की!" आई म्हणत होती.