चाचांचं मुकं पातं

दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडणारी माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतात. स्वतःच्या कामाला नाक मुरडणारा माणूस मात्र उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला, तो म्हणजे भवानी पेठेतले आमचे चाचा. आमचे म्हणजे आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचे. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. मोतीबिंदूच्या सुऱ्या, चिमटे, कात्र्या घेऊन दर गुरुवारी चाचांच्या कारखान्यात, म्हणजे त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत, जाणं माझ्याकडे होतं. काडीएवढ्या त्या सुऱ्यांना धार लावायला त्यांच्यासारखा हात नव्हता. आणि त्यांच्याइतकी कटकटही दुसऱ्या कुणाची नव्हती, हेही सांगून टाकते.

गेल्या गेल्या माझी झडती होई. दोन सुऱ्यांची टोकं एकमेकींना लागलेली दिसली की, "सिस्टरबाई, ही काय मेथीची जुडी आहे?" सुरी पाण्यात उकळली की धार जाते, ती स्पिरिटमध्येच बुडवायची, हे ते मला दर गुरुवारी नव्याने शिकवत, मी नर्सिंग शिकून आले आहे, हे त्यांच्या गावीही नसे. आमच्या त्या छोट्या कात्रीला बोटं घालायला कड्या नसतात. दोन पट्ट्या चिमटीत दाबल्या की ती मिटते, सोडल्या की आपोआप उघडते. "उघडताना हात हलतो, म्हणून ते काम कात्रीचं," असं चाचा तिची बाजू घेऊन सांगत. एकदा मोठ्या डॉक्टरांनी बारीक चिमट्याने स्वतःच्या पायातला काटा काढला. त्या चिमट्याच्या टोकाला केसाहून बारीक दात असतात, डोळ्याचा नाजूक पापुद्रा निसटू नये म्हणून. चाचांनी तो चिमटा तीन आठवडे परतच दिला नाही. "त्याला विश्रांती हवी आहे. डॉक्टरांना म्हणावं, काट्याला घरची सुई घ्या." डॉक्टरांनी ऐकून घेतलं, दुसरं करतात काय!

पण खरा सोहळा धारेच्या परीक्षेचा. पितळेच्या एका कड्यावर बकरीचं, कांद्याच्या सालीइतकं पातळ कातडं ताणलेलं असे. सुरीचं टोक त्यावर टेकवायचं; ती नुसत्या वजनाने आरपार गेली पाहिजे आणि जाताना आवाज होता कामा नये. तेवढा वेळ आत चाचींनी लाटणंसुद्धा थांबवायचं. "पातं बोललं की समजा बोथट. धारेचं पातं मुकं असतं," म्हणत चाचा कान लावून बसत. त्यानंतर टोक भिंगाखाली बघायचं, हा त्यांचाच दुसरा नियम. हॉस्पिटलात आल्यावर मीसुद्धा भिंग लावून बघत असे. पुढे पुढे सोडून दिलं. चाचांच्या हातची सुरी काय तपासायची!

एका गुरुवारी गेले तर चाचा नुसतेच बसलेले, आणि चाची दाराशी डोळ्यांना पदर लावून उभ्या. आदल्या दिवशी चाचींनी चाचांच्या भिंगावर साचलेली धूळ पाहिली आणि सगळा प्रकार उघडकीला आला होता. "माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सिस्टरबाई," चाचा म्हणाले. "दोन वर्षं झाली, टोक दिसत नाही. ऐकून ऐकून देतोय." त्या दोन वर्षांत ही पाती किती जणांच्या डोळ्यांत गेली होती! "अहो चाचा, बोलायचं नाही का?" मी ओरडलेच. "मुकी जात होती हो सगळी," एवढंच ते पुटपुटले. मग मला आठवलं, भिंग माझ्याकडेही होतं आणि माझे डोळे तर धडधाकट होते. मी खाली बसले.

त्यांच्या ऑपरेशनला डॉक्टर कोरी सुरी काढणार होते. चाचा टेबलावर आडवे झाल्यावरही अडून बसले, "कोरी नको. त्या दोन वर्षांतली, माझ्या हातची आणा." मी सगळ्या भिंगाखाली धरल्या. बाकीच्या चोख होत्या. दोन सुऱ्यांचं टोक किंचित वळलेलं निघालं. चोख होत्या त्यांतली एक डॉक्टरांनी वापरली. चष्मा मिळाल्यावर चाचांनी सर्वांत आधी त्या वळलेल्या सुऱ्या मागितल्या, बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, "या कुणाकुणाला लागल्या?" ते कोण सांगणार? मग रोज दुपारी मी थिएटरचं रजिस्टर वाचायची आणि ते समोर बसून ऐकायचे. प्रत्येक नावाला एकच प्रश्न, "दिसतं ना?" पुन्हा दाखवायला आलेले सगळे चांगले होते. लोणी काळभोरची एक म्हातारी मात्र चष्मा घेऊन गेली ती परत फिरकलीच नव्हती.

रविवारी आम्ही दोघं एसटीने लोणीला गेलो. म्हातारी अंगणात सूप घेऊन बसली होती.

"कोन हाय?"

"डोळ्यांच्या दवाखान्यातून आलोय, आजी," मी म्हटलं. "दिसतंय का नीट?"

तिने चष्मा सावरून आधी मला आणि मग चाचांना निरखलं. "न दिसायला काय झालं? ह्यांच्या सदऱ्याचं मधलं बटान तुटलंय. घरात बाई हाय का न्हाई?"

चाचांनी छातीवर हात नेऊन चाचपून पाहिलं. बटण खरंच नव्हतं. ते तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

त्यानंतर चाचांनी आमचं काम कधी घेतलं नाही. डॉक्टर स्वतः जाऊन विनवून आले, तरी नाही. आता त्यांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. चाची सांगत, तेवढ्या एका सदऱ्याला त्यांनी शेवटपर्यंत बटण लावू दिलं नाही.